वळलेले टोक, सरळ टोक: गढवालातील फ्रिटिलारियांच्या मागावर सात दिवस

पहिला दिवस: ऋषिकेश ते उखीमठ

गढवालला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक एक तर मे महिन्यात चारधाम करतात, नाही तर ऑगस्टमध्ये फुलांच्या खोऱ्यात जातात. आम्ही दोघांनी मात्र जूनचा पहिला आठवडा निवडला, कारण ज्या फुलासाठी जायचे होते ते बर्फ वितळले की लगेच उमलते आणि पावसाळा जमायच्या आत आटोपते. ऑगस्टमध्ये गेलेल्या माणसाला त्याचे फार तर बोंड दिसते, आणि तेही कोणी दाखवले तर.

या फुलाला मराठीत नाव नाही, म्हणून फ्रिटिलारिया हेच नाव वापरतो. ही लिलीच्या कुळातली प्रजाती आहे. तिच्या सुमारे १४० जाती उत्तर गोलार्धाच्या थंड भागांत पसरलेल्या आहेत. लॅटिन भाषेत ‘फ्रिटिलस’ म्हणजे फासे टाकण्याचे भांडे. या प्रजातीतल्या अनेक जातींच्या फुलांवर सोंगट्यांच्या पटासारखे चौकडे असतात, त्यावरून हे नाव पडले असावे असे मानतात. आमच्या कामाच्या जाती दोनच होत्या. फ्रिटिलारिया सिऱ्होसा ही उत्तराखंडापासून पूर्वेकडे नेपाळ, सिक्कीम, भूतान आणि पुढे नैर्ऋत्य चीनपर्यंत जाते, तर फ्रिटिलारिया रॉयली ही काश्मीरकडून पूर्वेकडे येत उत्तराखंडापर्यंत पोहोचते, अशी जुनी मांडणी आहे. म्हणजे दोघींची शीव गढवाल-कुमाऊँत पडते. सिऱ्होसाच्या पानांची टोके वळलेली आणि रॉयलीची सरळ, असा दोघींतला फरक सांगतात. काही वनस्पतिशास्त्रज्ञांना ही शीवच मान्य नाही. त्यांच्या मते रॉयली ही वेगळी जात नसून सिऱ्होसाचेच एक रूप आहे. पुस्तकातला हा वाद प्रत्यक्ष उतारावर कसा दिसतो, एवढेच पाहायचे होते.

माझा सोबती आयुर्वेदाचा वैद्य आहे आणि त्याचे कारण वेगळे होते. च्यवनप्राशात जो अष्टवर्ग, म्हणजे आठ औषधी वनस्पतींचा गट, सांगितला आहे, त्यातली काकोली आणि क्षीरकाकोली ही जोडी नेमकी कोणती, यावर ग्रंथकारांचे आणि बाजाराचे एकमत नाही. कोणी काकोली म्हणजे आल्याच्या कुळातली रोस्कोइया मानतात, कोणी फ्रिटिलारिया. क्षीरकाकोलीसाठी कोणी लिलियम पॉलिफायलम या लिलीकडे बोट दाखवतात, तर कोणी पुन्हा फ्रिटिलारियाकडेच. सोळाव्या शतकात ‘भावप्रकाश’ या ग्रंथाचे कर्ते भावमिश्र यांनी तर अष्टवर्ग राजालाही दुर्मीळ असल्याचे सांगून प्रतिनिधी, म्हणजे बदली, द्रव्येच लावून दिली, आणि काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा घ्यायला सांगितली. “तीस वर्षे अश्वगंधा देतोय, खरी कशी दिसते ते एकदा तरी पाहू दे की,” असे वैद्यबुवा रुद्रप्रयागच्या चहाच्या टपरीवर म्हणाले. उखीमठला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता आणि समोरच्या डोंगरावर गुप्तकाशीचे दिवे लागले होते.

दुसरा दिवस: चोपता

उखीमठहून चोपत्याचा रस्ता खर्सू ओकच्या आणि बुरांशच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, जंगलातून चढतो. चोपता साधारण २,७०० मीटरवर आहे. दुपारपर्यंत सामान टाकून आम्ही रस्त्यालगतच्या जंगलाच्या कडेला सहज फिरायला निघालो, आणि माझ्या हातून या प्रवासातली सर्वांत मोठी चूक अगदी पहिल्या तासातच झाली.

ओकच्या सावलीत, ओलसर पालापाचोळ्यातून हातभर उंचीची एक सरळ काडी वर आली होती. पेरापेरावर अरुंद पानांची चक्रे होती आणि प्रत्येक पानाचे टोक आकड्यासारखे खाली वळलेले होते. सिऱ्होसा हे नावच मुळी अशा वळलेल्या, ताण्यासारख्या टोकांवरून आलेले आहे. सह्याद्रीतल्या माणसाला याचे नवल वाटायचे कारण नाही. आपल्या कळलावीचे पान असेच टोकाशी ताण्यात संपते आणि शेजारच्या झुडपाला धरून वर चढते. मी लगेच वही काढली, ‘फ्रि. सिऱ्होसा, फुलाविना’ असे लिहिले, सहा फोटो काढले आणि वैद्यबुवांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मग गुडघ्यावर बसून एका चक्राखाली बोट घातले आणि म्हणाले, “मग ही लोंबतायत ती काय?”

पानांच्या बगलेत, मोहरीहून थोड्या मोठ्या, हिरवट पांढऱ्या कळ्यांची जोडी लोंबत होती. तशीच जोडी वरच्या पेराशी, आणि तिच्या वरच्याही. फ्रिटिलारियाचे फूल खोडाच्या शेंड्याशी येते, बगलेतून पेरोपेर कधीच नाही. मी पाहत होतो ती पॉलिगोनॅटम सिऱ्हिफोलियम, म्हणजे अष्टवर्गातली महामेदा. गंमत अशी की तिची जोडीदारीण मेदा, म्हणजे पॉलिगोनॅटम व्हर्टिसिलॅटम, हिचीही पाने चक्राकारच असतात, पण त्यांची टोके सरळ असतात. म्हणजे जो फरक सिऱ्होसा आणि रॉयली यांच्यात सांगतात, तोच फरक हुबेहूब या दोघींतही आहे, आणि फूल नसताना या चारही वनस्पती एकमेकींच्या वेशात उभ्या राहतात. जमिनीखाली पाहिले तर गोंधळ उरत नाही. पॉलिगोनॅटमचा गाठीगाठींचा आडवा कंद असतो, तर फ्रिटिलारियाचा छोटा कांदा दोन-तीन जाड, मांसल खवल्यांचा असतो, फुगलेल्या पावट्यासारखा. पण उकरून पाहायचे नाही हे आम्ही पुण्यातच ठरवले होते. हे अभयारण्य आहे हे एक कारण, आणि एकदा उकरलेला कांदा पुन्हा धरेल याची हमी कोणी देत नाही हे दुसरे.

वहीतली ती ओळ मी खोडली नाही. तिच्यासमोर ‘चूक, महामेदा’ असे लिहून ठेवले.

तिसरा दिवस: तुंगनाथ

चोपत्याहून तुंगनाथची चढण साडेतीन किलोमीटरची, फरसबंदी वाटेची आहे. मंदिर ३,६८० मीटरवर. खर्सूचे जंगल अर्ध्या वाटेत संपते, मग फिकट जांभळ्या फुलांच्या बुटक्या बुरांशची झुडपे लागतात आणि त्यांच्याही वर गवताचे मोकळे उतार, म्हणजे बुग्याल, सुरू होतात. गढवाल विद्यापीठाच्या उच्च हिमालयीन वनस्पती संशोधन केंद्राची शेतीही याच डोंगरावर आहे. यात्रेकरूंची वर्दळ वाटेवरच राहते. वाट सोडून शंभर पावले गेले की फक्त वारा.

आमचा वाटाड्या पलीकडच्या गावातला होता आणि त्याला फुलांत फारसा रस नव्हता, पण नजर तयार होती. झुडपांच्या पट्ट्याची कड जिथे गवताला मिळते, तिथे त्याने नुसते थांबून काठी टेकली. आधी मला काहीच दिसले नाही. मग गवतापेक्षा थोडे वर, खाली मान घातलेले एक हिरवट पिवळे फूल दिसले. आणि एक दिसल्यावर मग आणखी चार, सात, अकरा. हे फूल दिसते म्हणण्यापेक्षा सापडते म्हणणे योग्य. हिरवट, पिवळसर, मातकट जांभळ्या चौकड्यांचे. गतवर्षीच्या वाळक्या गवतात इतके मिसळलेले की कॅमेऱ्यालाही ते वेगळे काढता येत नव्हते.

फूल हाताने उलटून पाहण्याचा मोह होतो, पण देठ नाजूक असतो आणि एकदा मुरगळला की फळ धरत नाही. म्हणून मी दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा छोटा आरसा नेला होता. तो घंटेखाली सरकवला की आत काय आहे ते सावकाश पाहता येते. सहा पाकळ्या, काटेकोर बोलायचे तर सहा परिदले. बाहेरून चौकडे पुसट, आतून मात्र ठसठशीत, जणू कापडाची उलटी बाजूच खरी बाजू असावी. प्रत्येक पाकळीच्या तळाशी एकेक मधुग्रंथी, म्हणजे मधाचा लहानसा ओला खळगा. भिंगातून त्यात चकाकी दिसत होती. मधोमध कुक्षिवृंत, टोकाशी तीन फाटे झालेला. भोवती सहा पिवळे पुंकेसर. परागकोश तंतूला तळाशी जोडलेला, त्यामुळे ताठ उभा होता. ही शेवटची खूण मोलाची आहे, कारण नेपाळ-सिक्कीमकडच्या उंच कुरणांत लिलियम नॅनम नावाची एक ठेंगणी लिली असते. तिचेही एकुलते एक जांभळट फूल घंटेसारखे लोंबते आणि दुरून सहज फसवते. लिलीचा परागकोश मात्र पाठीच्या मध्यावर जोडलेला असतो, तराजूच्या दांडीसारखा, वाऱ्याने डोलणारा. शिवाय तिची पाने विखुरलेली असतात. आमच्या समोरच्या रोपांची खालची पाने समोरासमोर होती आणि वरची तीन-तीन, चार-चारांच्या चक्रात.

प्रजाती ठरली, जात ठरायची होती. आम्ही त्या कडेने एकवीस फुललेली रोपे एकेक करून पाहिली. फुलाच्या लगेच वर असणारी तीन पाने, ज्यांना छद म्हणतात, त्यांचीच टोके पाहायची असा नियम केला, कारण सिऱ्होसात वळण सर्वांत ठळक तिथेच असते. सतरा रोपांत ती सरळ होती. तिघांत किंचित वाकडी, म्हणजे आकडा म्हणावा इतकी नाही आणि सरळ म्हणावे इतकीही नाही. एका रोपात मात्र टोक चांगले वळलेले होते आणि मी पुन्हा उत्तेजित झालो. भिंग लावल्यावर दिसले की वळलेला भाग तपकिरी आणि चुरचुरीत होता. हिमदंशाने मेलेले पान सुकताना आत वळते, तसा. खरा ताणा हिरवा, जिवंत आणि निमुळता असतो. ही गोष्ट मला कोणत्याही वर्णनात ठळकपणे लिहिलेली आढळली नव्हती, आणि फोटोवरून ओळख पटवणाऱ्या माणसाची इथे हमखास फसगत होईल असे वाटते.

रंगाचा आधार घ्यावा तर तोही टिकत नाही. एकाच उतारावर जवळजवळ बिनचौकड्याचे हिरवे फूलही होते आणि गडद चॉकलेटीही. चीनमधल्या फ्रिटिलारिया डेलाव्हायी या जातीबद्दल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवतो: जिथे माणसांनी कांदे जास्त उपटले, तिथली रोपे दगडांच्या रंगाची, करडी-तपकिरी होत गेली आहेत, कारण हिरवी दिसणारी आधी खुडली गेली. तेव्हा रंग ही जातीची खूण कमी आणि त्या जागेच्या इतिहासाची जास्त असू शकते.

चौथा दिवस: चंद्रशिला आणि गारा

पहाटे चंद्रशिलेवर गेलो. सुमारे ४,००० मीटरची ती माथ्याची जागा सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे आणि तिची कीर्ती खोटी नाही, पण फ्रिटिलारिया तिथे मिळाली नाही. परतताना कालच्याच कडेवर उतरलो. अकराच्या सुमारास एक जाडजूड केसाळ भुंगमाशी एका घंटेत शिरली आणि चांगली अर्धा मिनिट आतच राहिली. ती फुलात हलायची तशी घंटा थरथरायची. बाहेर आली तेव्हा पाठ पिवळी झाली होती. अर्ध्या तासाने गारा सुरू झाल्या आणि आम्ही मंदिराजवळच्या एका धर्मशाळेत पळालो. गारा थांबल्यावर पाहिले, तर उघडी फुले असणाऱ्या कितीतरी वनस्पतींच्या पाकळ्या फाटल्या होत्या. फ्रिटिलारियाची खाली मान घातलेली घंटा मात्र बरीचशी शाबूत होती.

त्याच कडेच्या वरच्या अंगाला दहा-बारा लहान खड्डे दिसले. त्यांच्या कडा कुदळीने घ्याव्या तशा साफ कापलेल्या होत्या. वाटाड्याला विचारले तर तो दुसरीकडे पाहत म्हणाला, “अस्वल असेल.” वैद्यबुवांनी पुढे काही विचारले नाही. हिमाचलात याच वनस्पतीला जंगली लहसून म्हणतात. तिच्या वाळवलेल्या कांद्याला खोकल्यावरचे औषध म्हणून मोठी मागणी आहे, आणि चिनी औषधशास्त्रात तर ‘छुआन पेइमू’ या नावाने सिऱ्होसा आणि तिच्या काही बहिणी अधिकृत आहेत. २०२२ च्या डिसेंबरात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत सिऱ्होसाची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली. मूल्यमापनाच्या २२ ते २६ वर्षांच्या काळात तिची संख्या किमान ३० टक्क्यांनी घटली असावी असा अंदाज तिथे दिला आहे. बियांपासून वाढणारे रोप पहिली काही वर्षे फक्त एकच पान काढते, आणि फूल यायला आणखी वर्षे लागतात. म्हणजे खणणारा फुललेले रोप उचलतो तेव्हा तो बरीच वर्षे एकदम उचलतो. त्या रात्री मी फोनमधली जागा नोंदवण्याची सोय बंद केली आणि आधीच्या फोटोंवरचीही काढून टाकली.

पाचवा दिवस: रस्ता

चोपता, मंडल, गोपेश्वर, चमोली, जोशीमठ, गोविंदघाट. दिवसभर गाडी. सांगण्यासारखे काही नाही. दरड कोसळल्यामुळे तीन तास थांबलो तेवढेच.

सहावा दिवस: घांघरिया

पुलन्यापर्यंत जीप जाते, तिथून घांघरिया साधारण दहा किलोमीटर चालत. हेमकुंड साहिबला जाणारे शीख यात्रेकरू सोबत होते. वाटेच्या वरच्या भागात, जंगलाच्या फटीत, कमरेएवढ्या उंचीची कळ्या धरलेली लिलियम पॉलिफायलम दिसली आणि वैद्यबुवा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. ही लिली आणि फ्रिटिलारिया फुलाविना शेजारी ठेवल्या, तर उंची आणि पानांची मांडणी पाहावी. पॉलिफायलमची पाने पुष्कळ असतात, नावाप्रमाणेच, आणि ती खोडभर विखुरलेली असतात. एखादे विस्कटलेले चक्र खालच्या बाजूला दिसलेच तर त्यावर जाऊ नये. तिचा कांदाही अनेक अरुंद, एकावर एक बसलेल्या खवल्यांचा असतो. बाजारात सुकून आलेल्या मालात दोन जाड खवले आणि अनेक पातळ खवले हा फरक डोळ्यांनी सांगता येतो, पण तुकडे केलेले असले की तोही जातो. “म्हणजे मला विकतात ते काय असतं, देव जाणे,” वैद्यबुवा म्हणाले.

सातवा दिवस: फुलांचे खोरे

हे राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडते. १९८२ मध्ये ते घोषित झाले आणि २००५ पासून नंदादेवीच्या जोडीने जागतिक वारसा यादीत आहे. आत मुक्कामाची परवानगी नाही. सकाळी जायचे आणि दुपार कलण्याआधी परतायचे. ऑगस्टच्या फोटोंत दिसणारा फुलांचा गालिचा या दिवसांत नसतो. वाटेवर दोन ठिकाणी नाल्यांवर बर्फाचे पूल होते, आणि ज्या जागा नुकत्याच बर्फातून सुटल्या होत्या तिथे माती अजून काळी, ओली, गवत चेपलेले. अशाच एका चेपलेल्या पट्ट्यालगत आम्हाला तिसऱ्या तासाला पुन्हा फ्रिटिलारिया सापडली.

ही रोपे तुंगनाथच्या रोपांपेक्षा ठेंगणी होती आणि सगळी उघड्यावर, झुडपाचा आधार नसलेली. चौदा पाहिली. तेराची टोके सरळ. चौदावे रोप एका मोठ्या दगडाच्या कुशीत उभे होते. त्याच्या तीन छदांपैकी दोन सरळ होते आणि तिसऱ्याचे टोक, हिरवे, जिवंत, निमुळते, नखाएवढ्या अर्धवर्तुळात वळलेले. भिंगाने पाहिले, आरशाने पाहिले, पुन्हा भिंगाने पाहिले. सुकलेले नव्हते. मधुग्रंथी, तीन फाट्यांचा कुक्षिवृंत, चौकडे, सारे शेजारच्या तेरांसारखेच.

एकाच रोपावर दोन सरळ टोके आणि एक वळलेले. हे रोप मी एकटे पाहिले असते आणि फक्त त्या तिसऱ्या पानाचा फोटो काढला असता, तर बेधडक सिऱ्होसा लिहिले असते. उरलेल्या दोन पानांचा काढला असता, तर तितक्याच बेधडकपणे रॉयली. अशा एकेका रोपाच्या साक्षीवर जात ठरवणाऱ्यांशी माझे आता जमणार नाही. दोन जाती वेगळ्या आहेत की एकच जात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना हळूहळू टोके वळवत जाते, याचा निवाडा करायला काश्मीरपासून सिक्कीमपर्यंतचे कितीतरी उतार याच पद्धतीने मोजावे लागतील, आणि ते दोन पेन्शनरांच्या सुट्टीचे काम नव्हे.

वैद्यबुवांनी घड्याळ दाखवले. ढग खोऱ्याच्या तोंडातून आत यायला लागले होते. वहीत लिहिले: ‘फ्रिटिलारिया, रॉयलीच्या बाजूची, १४ रोपे, १३ सरळ, १ मिश्र. फुले सर्वांना. खड्डे नाहीत.’ शेवटचे दोन शब्द त्यांनी माझ्या हातून पेन घेऊन अधोरेखित केले, आणि आम्ही बर्फाच्या पुलाकडे उतरायला लागलो.